कॅटमायची अस्वले पाहायची असतील, तर तारीख नदीला विचारावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलास्काच्या सहलीविषयी आलेल्या लेखासोबत ब्रूक्स धबधब्याच्या काठावर उभ्या असलेल्या तपकिरी अस्वलाचे मोठे छायाचित्र होते आणि उन्हाळ्यात केव्हाही गेले तरी हे दृश्य पाहायला मिळते, अशा आशयाचा मजकूर त्याखाली होता. मी आणि माझी पत्नी गेल्या वर्षी जुलै महिन्यात कॅटमाय राष्ट्रीय उद्यानात चार रात्री तंबूत राहून आलो आणि त्याआधीची दोन वर्षे आम्ही त्या प्रवासाच्या तयारीत घालवली होती. त्या अनुभवावरून सांगतो की हा मजकूर बरोबर नाही आणि त्यावर विसंबून कोणी साठवलेली पुंजी मोडून तिकिटे काढली, तर त्याच्या वाट्याला रिकामी नदी येण्याचा संभव मोठा आहे. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली, तर तारखांचा भाग तेवढा कृपया वगळू नये.

कॅटमाय हे नाव आपल्याकडे फारसे कानावरून गेलेले नाही. अलास्काच्या नैर्ऋत्येला समुद्रात शिरलेल्या द्वीपकल्पाच्या मुळाशी हे उद्यान पसरले आहे आणि मुळात ते अस्वलांसाठी राखले गेलेले नव्हते. ६ जून १९१२ रोजी तेथे नोव्हारुप्ता ज्वालामुखीचा उद्रेक झाला. विसाव्या शतकातील जगातला तो सर्वांत मोठा उद्रेक मानला जातो. त्याच्या राखेने भरून गेलेल्या दरीच्या रक्षणासाठी १९१८ साली हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला आणि १९८० साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आज त्याचे क्षेत्र १६,००० चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे गाभा आणि बफर दोन्ही धरून आपल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या नऊपटींहून अधिक, आणि त्यात सुमारे २,२०० तपकिरी अस्वले असावीत असा उद्यानाचा अंदाज आहे. बाहेरून तेथे जाणारा रस्ता नाही. अँकरेजहून विमानाने किंग सॅल्मन नावाच्या लहानशा गावी उतरायचे आणि तेथून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने किंवा बोटीने नॅकनेक सरोवराच्या काठावरील ब्रूक्स कॅम्प गाठायचा, हाच नेहमीचा मार्ग आहे.

आता तारखेविषयी. ब्रूक्स नदी जेमतेम अडीच किलोमीटर लांबीची आहे. ब्रूक्स सरोवरातून निघून ती नॅकनेक सरोवराला मिळते आणि मध्ये सुमारे सहा फूट उंचीचा एक धबधबा लागतो. पावसाळ्यात आपल्या घाटांत याहून उंच धबधबे गाडीच्या खिडकीतून दिसतात. पण सगळा खेळ या सहा फुटांचा आहे. समुद्रात वाढलेले सॉकाय जातीचे सॅल्मन मासे अंडी घालण्यासाठी ब्रिस्टल उपसागरातून आपल्या जन्माच्या पाण्याकडे परत निघतात. हा जगातील सर्वांत मोठा सॉकाय सॅल्मनचा प्रवाह आहे आणि २०२२ साली त्यात सुमारे ७ कोटी ९० लाख मासे परतल्याची नोंद झाली. त्यांतला एक भाग ब्रूक्स नदीत शिरतो, तो बहुधा जूनच्या अखेरीस. धबधब्यापाशी या माशांना अडथळा होतो, ते खालच्या डोहात दाटीने साचतात, पुन्हा पुन्हा उड्या घेतात, आणि हिवाळ्याच्या झोपेत वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग गमावून बसलेली भुकेली अस्वले नेमकी त्याच अरुंद जागी येऊन उभी राहतात. धबधबा नसता तर मासे सरळ वर निघून गेले असते. मग इतकी अस्वले एकमेकांना सहन करत एका ठिकाणी जमलीही नसती.

जुलै संपत आला की बहुतेक मासे धबधबा चढून वरच्या सरोवरात आणि त्याला मिळणाऱ्या ओढ्यांत पांगतात, आणि त्यांच्यामागे अस्वलेही पांगतात. ऑगस्टमध्ये त्याच धबधब्यावर तासन् तास उभे राहूनही एखादेच अस्वल दिसते, किंवा तेही दिसत नाही. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाला एका पर्यटन कंपनीने पंधरा ऑगस्टची सुट्टी जोडून तेथे पाठवले होते. अँकरेजहून एका दिवसाच्या विमान सहलीला माणशी १,००० डॉलरच्या वर पैसे मोजून त्यांनी जे पाहिले, ते वाहते पाणी आणि फार लांबवर गवतात दिसलेली एक पाठ. कंपनीने त्यांना खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. तिने चौकशीच केली नव्हती, आणि इतक्या दूरच्या व इतक्या महागड्या प्रवासात चौकशी न करणे हा माझ्या मते मोठाच दोष आहे. सप्टेंबर उजाडला की चित्र पुन्हा पालटते. अंडी घालून झालेले सॅल्मन मरतात, त्यांची कलेवरे प्रवाहाबरोबर खाली वाहत येतात, आणि अस्वले धबधब्याऐवजी नदीच्या मुखाजवळच्या संथ पाण्यात ती गोळा करताना दिसतात. तेव्हा ती इतकी लठ्ठ झालेली असतात की मोठ्या नराचे वजन ४५० किलोच्या पुढे जाते. उड्या मारणारे मासे पाहायचे असतील तर जुलैचे पहिले तीन आठवडे, आणि जाडजूड झालेली अस्वले पाहायची असतील तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. ब्रूक्स येथील निवासाची सोय १७ सप्टेंबरच्या सुमारास बंद होते, तेव्हा त्यानंतरचा विचार सामान्य प्रवाशाने करू नये.

यावरून माझा मुख्य मुद्दा स्पष्ट व्हावा. आपण प्रवास आखतो तो आपल्या बाजूने: आधी मुलांच्या सुट्ट्या, मग स्वस्त तिकीट, मग क्रूझ, आणि शेवटी एखादा दिवस अस्वलांना. कॅटमायचे नियोजन उलट्या टोकापासून करावे लागते. मासे केव्हा येतात त्यावरून अस्वलांचे दिवस ठरतात, त्यावरून आरक्षणाची तारीख, आरक्षण हाती पडल्यावर किंग सॅल्मनचे विमान, आणि भारतातून निघण्याचे तिकीट सर्वांत शेवटी. अमेरिकेत मुलाकडे वा मुलीकडे उन्हाळ्यात चार-सहा महिने जाऊन राहणाऱ्या मराठी आईवडिलांची संख्या आता लहान नाही. व्हिसा त्यांच्याकडे असतो, मुक्काम असतो, आणि जुलैही हातात असतो. त्यांनी मनात आणले तर हा प्रवास त्यांच्याइतका कोणालाच सोयीचा नाही. आमचा मुलगा सिएटलला असतो आणि अँकरेजची विमाने तेथून थेट मिळतात, एवढ्या आधारावरच आम्ही हे धाडस केले.

राहण्याचे पर्याय दोनच आहेत. ब्रूक्स लॉज या निवासात अवघ्या सोळा खोल्या आहेत आणि त्यांचे वाटप म्हाडाच्या घरांसारखे सोडतीने होते, तेही सुमारे दीड वर्ष आधी. दुसरा पर्याय तंबूचा. सरोवराच्या काठावर जास्तीत जास्त साठ माणसांसाठी तंबूची जागा आहे आणि तिच्याभोवती, आपल्याकडचे शेतकरी रानडुकरांसाठी लावतात त्या झटका मशीनसारखे, विजेचे कुंपण आहे. या जागेचे आरक्षण दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खुले होते आणि जुलैच्या तारखा काही मिनिटांतच संपतात. पहिल्या वर्षी आम्हाला मिळाल्या नाहीत. आम्ही ते वर्ष सोडून दिले आणि ऑगस्टची तारीख हाती असूनही घेतली नाही, आणि तो निर्णय किती योग्य होता हे वर सांगितलेल्या कुटुंबाच्या अनुभवावरून नंतर कळले.

त्या सोडलेल्या वर्षाचा आम्हाला एका गोष्टीसाठी फार उपयोग झाला. २०१२ सालापासून ब्रूक्स नदीवर कॅमेरे बसवलेले आहेत आणि उन्हाळ्यात त्यांचे थेट चित्र जगात कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. तेथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात, म्हणून जेवण आटोपले की आम्ही दोघे रोज तासभर बघत बसत असू आणि कोणत्या तारखेला धबधब्यावर किती अस्वले मोजली, ते पत्नी एका वहीत लिहून ठेवी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिच्या वहीत पंधरा-वीस असे आकडे आहेत आणि ऑगस्टच्या मध्यात सलग अनेक दिवस शून्य आहे. सहल विकणाऱ्याने काहीही सांगितले तरी त्या वहीपुढे त्याचे काही चालणार नव्हते. अस्वलांमधले वजनदार कोण, याच्या मतदानाचा जो सप्ताह दर शरद ऋतूत गाजतो, तोही याच कॅमेऱ्यांमुळे जगभर पोहोचला. २०१४ साली तो केवळ एका दिवसाचा कार्यक्रम म्हणून सुरू झाला होता.

हवामानाविषयी माझी स्वतःची चूक मोकळेपणाने सांगतो. परतीच्या प्रवासात ब्रूक्सहून निघणे आणि अँकरेजहून सिएटलचे विमान यांत मी एकाच दिवसाचे अंतर ठेवले होते. निघायच्या दिवशी सकाळी सरोवरावर धुके इतके खाली आले की समोरचा किनारा दिसेना. पाण्यावर उतरणारी विमाने वैमानिकाला डोळ्यांनी दिसेल तरच उडतात. दिवस तसाच गेला, दुसरा अर्धाही गेला, आमचे पुढचे विमान चुकले आणि नव्या तिकिटाचे पैसे नाहक भरावे लागले. विमान कंपनीचा यात काडीचाही दोष नव्हता. जाताना आणि येताना किमान दोन-दोन दिवस मोकळे राखावेत, आणि ज्यांना ते शक्य नसेल त्यांनी हा बेत पुढे ढकलावा, असे मी आग्रहाने सांगेन. या छोट्या विमानांत सामानाचे, आणि माणसांचेही, वजन करतात, त्यामुळे मोठ्या बॅगा अँकरेजलाच ठेवून जावे लागते. अस्वलाला रोखण्यासाठी असलेला मिरीचा फवारा प्रवासी विमानात नेता येत नाही, तो तेथे गेल्यावरच घ्यावा.

विमानातून किनाऱ्यावर उतरल्यावर पहिले काम म्हणजे रेंजरसमोर बसून सुमारे वीस मिनिटे नियम ऐकणे, आणि त्यातून कोणालाही सूट नाही. अस्वलापासून किमान ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटर अंतर राखायचे. झाडीतून चालताना आवाज करत जायचे, जेणेकरून अस्वल दचकणार नाही. समोर आले तर पळायचे नाही आणि सावकाश बाजूला होऊन त्याला वाट द्यायची. अन्न अंगावर बाळगायचे नाही. हा शेवटचा नियम आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावा. आमच्या पिशवीत घरचे शेंगदाण्याचे लाडू, चिवडा आणि लिंबाचे लोणचे होते. ते सगळे, आणि त्यासोबत टूथपेस्ट, खोबरेल तेल, वासाचा साबणही, अन्न साठवण्याच्या बंद कोठीत ठेवायला लावले. नदीकडे जाताना सोबत फक्त साधे पाणी. हा जाच नाही. माणसाच्या पिशवीत खाणे असते हे एका अस्वलाला एकदा कळले की ते पुन्हा येते, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या अस्वलाचा शेवट बहुतेक वेळा बंदुकीने होतो. चालताना काय बोलत राहावे हे सुचेना, म्हणून पत्नीने पंधराचा पाढा मोठ्याने म्हणायला सुरुवात केली आणि चारही दिवस आम्ही त्या झाडीतून पाढे म्हणतच ये-जा केली.

धबधब्यासमोर लाकडी मचाण आहे. त्यावर एका वेळी चाळीस माणसांनाच उभे राहता येते. जुलैत गर्दी असल्यामुळे रेंजर यादीत नाव लिहून घेतात, पाळी आली की पाठवतात आणि तासाभराने उतरवतात. पुन्हा पाहायचे असेल तर नाव पुन्हा यादीच्या शेवटी. एका दिवसाच्या सहलीने आलेल्यांचा निम्मा वेळ या प्रतीक्षेतच जातो, म्हणून मुक्काम करणे अगत्याचे आहे. संध्याकाळी शेवटची विमाने निघून गेली की मचाण ओसरते. आम्हाला खरे पाहायला मिळाले ते तेव्हा.

धबधब्याच्या अगदी पायाशी, जेथे पाणी उकळल्यासारखे फेसाळते, तेथे एक म्हातारा नर मानेपर्यंत पाण्यात बसलेला होता. इतर तरुण अस्वले वरच्या काठावर तोंड उघडून उडत्या माशांची वाट पाहत होती, आणि दहातले आठ मासे त्यांच्या छातीवर, खांद्यावर आपटून निसटत होते. हा मात्र हलत नव्हता. मध्येच त्याचा खांदा किंचित खाली जाई आणि तो तळाशी पंजाखाली दाबलेला मासा दातांत धरून वर काढी. पुढच्या दोन पायांत तो मासा धरून त्याने डोक्याकडून सुरुवात केली, मग कातडी एका ओढीने अशी सोलली की मासा आतून शेंदरी, जवळजवळ लाल दिसू लागला, अंड्यांची पिशवी खाल्ली आणि उरलेला मांसल भाग तसाच पाण्यात सोडून दिला. शेजारी उभ्या असलेल्या रेंजर मुलीने सांगितले की मासे मुबलक असले की अस्वले फक्त चरबीचा भाग निवडून खातात. खाली वाहत गेलेला तो तुकडा एका अशक्त, तरुण अस्वलाने उचलला आणि त्याच्या तोंडून जे पडले ते समुद्रपक्ष्यांनी. मचाणाच्या डाव्या हाताला एका स्प्रूसच्या झाडावर तीन पिल्ले चढवून त्यांची आई नदीत उतरली होती. ती दिसेनाशी झाली की पिल्ले वरून रडत, आणि ती मासा घेऊन काठावर आली की तिघेही सालपटे उडवत खाली घसरत. माझी पत्नी त्या तासात एक शब्दही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तंबूकडे परतताना नदीवरच्या पुलाच्या तोंडाशीच एक अस्वलीण पिल्लांसह झोपली. रेंजरने पूल बंद केला आणि आम्ही तीसेक माणसे पावसात पाऊण तास उभी राहिलो. कोणी तिला उठवले नाही, कोणी टाळी वाजवली नाही, जेवण चुकले म्हणून तक्रारही केली नाही. मला त्या क्षणी २०२४ च्या ३१ डिसेंबरची उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातील घटना आठवली, जेव्हा एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवून धरले होते आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. मी विदर्भातला आहे. मोह वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणाऱ्या माणसांवर अस्वलाचा हल्ला होतो तेव्हा काय होते, हे मी गावात पाहिलेले आहे, त्यामुळे अस्वलाविषयी माझ्या मनात भाबडे प्रेम नाही. कॅटमायमध्येही २००३ सालच्या ऑक्टोबरात किनाऱ्याजवळ तंबू टाकून राहिलेल्या दोघांचा अस्वलाने जीव घेतला होता. म्हणूनच पुलावरची ती पाऊण तासाची शिस्त मला महत्त्वाची वाटते. जो प्रवासी तेवढा वेळ थांबू शकणार नाही, त्याने तेथे जाऊच नये, मग त्याच्याजवळ पैसे कितीही असोत.

ज्यांना ब्रूक्सचे आरक्षण मिळत नाही, त्यांच्यासाठी उद्यानाच्या उत्तरेस लागूनच मॅकनील नदीचे राज्य अभयारण्य आहे. तेथे दिवसाला केवळ दहा माणसांना, चार दिवसांच्या परवान्यावर, रेंजरसोबत जाऊ देतात. परवाने सोडतीने मिळतात आणि अर्जाची मुदत १ मार्चला संपते. मात्र तेथे चिखलातून आणि पाण्यातून बरेच चालावे लागते, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी ब्रूक्सच धरावे. ब्रूक्समध्ये धबधब्यापर्यंतची वाट सुमारे दोन किलोमीटरची आणि बहुतांशी सपाट आहे. माझी पत्नी बासष्ट वर्षांची आहे आणि तिला ती दिवसातून दोनदा चालून जाणे जड गेले नाही.

आपल्या पुरवणीत या स्थळाविषयी पुन्हा लिहून येईल तेव्हा छायाचित्राखाली ते कोणत्या महिन्यात घेतले होते, एवढे तरी छापावे, ही विनंती. तंबूच्या जागेचे आरक्षण अलीकडच्या वर्षांत ५ जानेवारीला अलास्काच्या वेळेनुसार सकाळी आठ वाजता खुले होत आले आहे, म्हणजे आपल्याकडे त्याच रात्री साडेदहा. ज्यांना जायचे आहे त्यांनी संकेतस्थळावर खाते आधीच उघडून, त्या वर्षीची तारीख एकदा पडताळून, दहा वाजताच संगणकापुढे बसावे आणि जुलैच्या किमान तीन तारखा लिहून तयार ठेवाव्यात.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, नागपूर